राजकारणावरचे तीनशे इंग्रजी शब्द पाठ केले, तरी बातमी कळत नाही. आणखी मोठी यादी कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की डेमॉक्रसी म्हणजे लोकशाही, लेजिस्लेचर म्हणजे विधिमंडळ, रेफरेंडम म्हणजे सार्वमत हे सगळं पाठ आहे, पण इंग्रजी बातमी उघडली की दुसऱ्या ओळीतच अडखळायला होतं. म्हणून आता पाचशे शब्दांची यादी हवी आहे. मी यादी देत नाही, कारण तुमचं अडतंय ते शब्दसंख्येपायी असं मला वाटत नाही.

मी बरीच वर्षं इंग्रजी बातम्यांचं मराठी करते. अवघड शब्दाने माझा घात केल्याचं आठवत नाही. 'प्लेबिसाइट' दिसला की माणूस मुकाट्याने शब्दकोश उघडतो. दगा देतात ते आपल्याला येतात असं वाटणारे शब्द: टेबल, हाउस, बेंच, फ्लोअर, सेक्रेटरी, स्टेट. त्यांच्यासाठी शब्दकोश उघडायचं कुणाच्या मनातही येत नाही.

माझीच फजिती सांगते. नोकरीचे पहिले महिने, रात्रपाळी, पान सोडायची घाई. अमेरिकी सिनेटची, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाची, बातमी होती; एक ठराव सदस्यांनी मतदान घेऊन 'टेबल' केला, असं त्यात होतं. मी लिहिलं, 'ठराव बहुमताने मांडण्यात आला'. ते तसंच छापून आलं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी त्या वाक्याभोवती लाल गोल काढून अंक माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, "ठराव मांडायला बहुमत कशाला लागतं गं?"

खरंच, कशाला लागतं? ब्रिटनमध्ये एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे तो चर्चेला आणणं. अमेरिकेत त्याच क्रियापदाचा अर्थ बरोबर उलटा: विषय बासनात गुंडाळणं. सिनेटमध्ये तर ठराव 'टेबल' झाला की तो जवळपास निकालातच निघतो. म्हणजे मी छापलं ते घडलेल्या गोष्टीच्या नेमकं विरुद्ध होतं. पुढे कळलं की या शब्दाने माझ्यापेक्षा मोठ्या माणसांनाही फसवलंय. दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत चर्चिल यांनी लिहून ठेवलंय की ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या एका बैठकीत याच शब्दावरून बराच वेळ कडाक्याचा वाद झाला. ब्रिटिशांना कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते 'टेबल करू' म्हणत होते. अमेरिकनांनाही चर्चा हवीच होती, म्हणून ते 'टेबल नको' म्हणत होते.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. वाक्याचा अर्थ लागल्यासारखा वाटला तरी स्वतःला विचारायचं, हे कुठल्या देशातलं आहे आणि तिथे कारभार कसा चालतो? राजकारणाचे शब्द त्या व्यवस्थेला चिकटलेले असतात. व्यवस्था माहीत नसेल तर शब्दाचा अर्थ पाठ असूनही काही उपयोग नाही.

'सेक्रेटरी'चंच बघा. आपण सरळ 'सचिव' म्हणतो, आणि सचिव म्हणजे अधिकारी. पण अमेरिकेतला 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' हा परराष्ट्रमंत्री आणि 'ट्रेझरी सेक्रेटरी' हा अर्थमंत्री. ब्रिटनमध्ये 'होम सेक्रेटरी' म्हणजे गृहमंत्री, पण 'कॅबिनेट सेक्रेटरी' आणि 'परमनंट सेक्रेटरी' हे सनदी अधिकारी. त्यातून ब्रिटनमध्ये 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' वरच्या दर्जाचा मंत्री, आणि नुसता 'मिनिस्टर ऑफ स्टेट' त्याच्या हाताखालचा. हुद्द्याचं भाषांतर करू नये, तो माणूस काय काम करतो ते बघावं.

'स्टेट' म्हणजे राज्य हे शाळेत शिकलो, पण 'हेड ऑफ स्टेट' म्हणजे मुख्यमंत्री नव्हे, राष्ट्रप्रमुख. ब्रिटनमध्ये राष्ट्रप्रमुख राजा आणि सरकारप्रमुख पंतप्रधान, अशी दोन वेगळी माणसं. अमेरिकेत दोन्ही टोप्या राष्ट्राध्यक्षाच्याच डोक्यावर. 'ॲडमिनिस्ट्रेशन'ला आपण प्रशासन म्हणतो आणि आपल्या डोळ्यांपुढे फायली आणि कारकून येतात. अमेरिकी बातमीत मात्र 'ओबामा ॲडमिनिस्ट्रेशन' म्हणजे ओबामांचं सरकार. आणि 'गव्हर्नमेंट शटडाउन' वाचून सरकार पडलं असं समजणारे मी पाहिलेत. पडत काही नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, खर्चाला मंजुरी दिली नाही की पैशाअभावी सरकारी कामकाजाचा बराचसा भाग थांबतो. डिसेंबर २०१८मध्ये सुरू झालेलं शटडाउन ३५ दिवस चाललं. राष्ट्राध्यक्ष जागचे हलले नाहीत.

'बॅकबेंचर' हा तर आपला लाडका शब्द, वर्गात मागे बसून टिवल्याबावल्या करणारा. ब्रिटिश संसदेत मात्र ज्याच्याकडे मंत्रिपद नाही आणि विरोधी पक्षातही प्रवक्त्याची जबाबदारी नाही, असा कुठलाही खासदार 'बॅकबेंचर'. तो हुशार असेल, तीस वर्षं निवडून आलेला असेल, सरकारला घाम फोडणारा असेल. बसण्याच्या जागेवरूनच 'क्रॉस द फ्लोअर' आलं. तिथे दोन्ही बाजू समोरासमोर बसतात, मधली जागा ओलांडून पलीकडे जाऊन बसायचं म्हणजे पक्षांतर. चर्चिल १९०४मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह बाकांवरून उठून लिबरल बाकांवर गेले ते असेच.

'इम्पीच' या शब्दाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण यात भलेभले चुकतात. महाभियोग हा मराठी शब्द बरोबर आहे, पण वाचणाऱ्याच्या मनात 'पदावरून काढलं' असंच उमटतं. अमेरिकेत 'इम्पीच' होणं म्हणजे प्रतिनिधीगृहाने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, आरोप ठेवणं, म्हणजे जणू आरोपपत्र दाखल झालं. खटला पुढे सिनेटमध्ये चालतो आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. राष्ट्राध्यक्षांपैकी अँड्र्यू जॉन्सन १८६८मध्ये, क्लिंटन १९९८मध्ये, ट्रम्प २०१९ आणि २०२१मध्ये असे 'इम्पीच' झाले; सिनेटने एकदाही दोषी ठरवलं नाही. जॉन्सन तर एका मताने वाचले. आणि निक्सन, ज्यांचं नाव या शब्दाबरोबर हमखास घेतलं जातं, ते 'इम्पीच' झालेच नाहीत. प्रतिनिधीगृहात मतदान होण्याआधीच त्यांनी ऑगस्ट १९७४मध्ये राजीनामा दिला.

आता तुमच्या यादीकडे वळते. तुम्ही दिलेल्या नमुन्यात सगळी नामंच आहेत आणि वाक्य चालतं क्रियापदावर. मराठीत आपण विधेयक मांडतो, मत देतो, सरकार पाडतो, निवडणूक लढवतो. मराठी शिकणाऱ्याला नुसतं 'मत' आणि 'सरकार' येऊन काय उपयोग? इंग्रजीतही तसंच. मत 'कास्ट' करतात, सरकार 'फॉर्म' करतात, मंत्रिमंडळ 'रीशफल' करतात, करार 'रॅटिफाय' करतात. निवडणुकीसाठी अमेरिकन माणूस 'रन' करतो, ब्रिटिश 'स्टँड' करतो. एक पळतो, दुसरा उभा राहतो. (आपल्याकडे उभं राहून लढतात, ते वेगळं.)

यावर मला लागू पडलेला उपाय असा. एक विधेयक पकडायचं आणि त्याच्या मागे मागे जायचं. अमेरिकेतलं घेऊ. विधेयक 'इंट्रोड्यूस' झालं. समितीकडे 'रेफर' झालं. तिथे 'अमेंड' झालं, म्हणजे दुरुस्त्या झाल्या. बरीचशी विधेयकं समितीतच 'डाय' होतात, हा शब्द बातमीत खरोखर असाच येतो. जे बाहेर आलं ते दोन्ही सभागृहांत 'पास' झालं. राष्ट्राध्यक्षाने ते 'साइन' केलं किंवा 'व्हीटो' केलं, म्हणजे नाकारलं. व्हीटो केलं तर दोन्ही सभागृहं दोन तृतीयांश मतांनी तो 'ओव्हरराइड' करू शकतात. कायदा झाला की बिल हा शब्द संपला, आता तो 'ॲक्ट'. पुढे कधी तो कायदा नको झाला तर 'रिपील'. आणि न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तर 'स्ट्राइक डाउन'.

या शेवटच्या दोघांपाशी जरा थांबा. मराठीत दोन्हींना आपण 'रद्द केला' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र क्रियापदावरूनच कर्ता कळतो: 'रिपील' कायदेमंडळ करतं, 'स्ट्राइक डाउन' न्यायालय करतं. कर्ता वाक्यात नसला तरी तुम्हाला तो दिसायला लागला की समजा, भाषा अंगवळणी पडायला लागली. 'स्टेप डाउन' आणि 'आउस्ट' यांतही तेच. पहिल्यात माणूस आपणहून खुर्ची सोडतो, निदान तसं दाखवतो. दुसऱ्यात त्याला खाली खेचलेलं असतं. संसदेचं काम थांबण्याचेही तीन प्रकार आहेत. 'अजर्न' म्हणजे कामकाज तहकूब, 'प्रोरोग' म्हणजे सत्रसमाप्ती, 'डिझॉल्व्ह' म्हणजे विसर्जन, यानंतर निवडणूक. ब्रिटनमध्ये २०१९मध्ये संसद 'प्रोरोग' केली ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. ती बातमी हे तीन शब्द वेगळे न कळता वाचणं म्हणजे चष्म्याशिवाय सुई ओवणं.

मथळ्यांची भाषा वेगळीच असते, जागा कमी म्हणून आखूड शब्द. 'बिड' म्हणजे प्रयत्न, 'प्रोब' म्हणजे चौकशी, 'ॲक्स' म्हणजे काढून टाकणं. आर-ओ-डब्ल्यू हा शब्द रांग म्हणून वाचाल तर फसाल. मथळ्यात तो बहुधा भांडण असतो आणि त्याचा उच्चार 'राउ'. ब्रिटिश बातमीत 'नंबर टेन' म्हणजे पंतप्रधानांचं कार्यालय, 'व्हाइटहॉल' म्हणजे नोकरशाही, अमेरिकी बातमीत 'द हिल' म्हणजे काँग्रेस. हे आठवड्याभरात सवयीचं होतं, पाठ करत बसू नका.

दोन शब्द मात्र जपून वापरा. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेखही आणि नजरचूकही. आजूबाजूचं वाक्य वाचल्याशिवाय यांना हातच लावायचा नाही. 'लिबरल'ही तसाच. अमेरिकेत तो डावीकडचा, तर ऑस्ट्रेलियात लिबरल पार्टी हा उजवीकडचा पक्ष. रंगांचंही तेच, जगात बहुतेक ठिकाणी लाल म्हणजे डावे, अमेरिकेत लाल म्हणजे रिपब्लिकन.

शब्दांच्या जन्मकथा वाचून फायदा होतो का, असंही तुम्ही विचारलंय. मला त्यांचा नाद आहे, पण खरं सांगायचं तर वाचन त्याने फारसं सुधारत नाही. कथा शब्द लक्षात ठेवायला मदत करते, एवढंच. 'सफ्रेज' म्हणजे मताधिकार, त्याचा सोसणं या अर्थाच्या इंग्रजी 'सफर'शी काही संबंध नाही, लॅटिनमधल्या मत या अर्थाच्या शब्दावरून तो आला. हे कळल्यावर माझा गोंधळ मिटला. 'जेरीमँडर' मात्र कथेशिवाय डोक्यात बसणारच नाही. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात, १८१२मध्ये, पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या सीमा आखल्या गेल्या. त्यातला एक इतका वेडावाकडा झाला की वृत्तपत्राने त्याचं सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यासारखं, पंख आणि नख्या असलेलं चित्र छापलं आणि नाव दिलं 'गेरी-मँडर'. गंमत म्हणजे त्यांचं आडनाव 'गेरी' असंच उच्चारत, शब्द मात्र पुढे 'जेरीमँडर' झाला.

उच्चाराबद्दल एकच: सत्तापालट या अर्थाचा शब्द 'कू' असा म्हणायचा, शेवटचा पी मुका. मी तो 'कूप' म्हणत असे, भर बैठकीत.

तर पुढचे दोन महिने एकच देश घ्या, ब्रिटन किंवा अमेरिका, दोन्ही एकदम नको. त्याच देशातलं एकच प्रकरण निवडा, एखादं विधेयक किंवा निवडणूक, आणि रोज त्यावरची एकच बातमी वाचा. एकाच प्रकरणात तेच वीस-पंचवीस शब्द फिरून फिरून येतात, तेही आपापल्या क्रियापदांसकट. वहीत शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहा, खाली ते कुणी केलं आणि त्यामुळे काय झालं, हे मराठीत एका ओळीत. ओळ लिहिता आली नाही तर वाक्य कळलेलं नाही, शब्द सगळे येत असले तरी.

तीनशे शब्दांची यादी टाकून देऊ नका. तिच्यातल्या प्रत्येक नामासमोर रिकामी जागा सोडा. वाचताना जे क्रियापद त्याच्या शेजारी सापडेल ते तिथे भरत जा, आणि कुठल्या देशातलं तेही लिहा. ती पानं निम्मी भरल्यावर पाचशेची यादी हवीशी वाटली, तर पुन्हा विचारा.