घोडा आधी ठरू द्या, खोगीर नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर पुण्यात राइडिंग शिकलात, आता स्वतःचा घोडा घ्यायचाय. एक तर अकलूजच्या घोडेबाजारातून, नाहीतर रेसकोर्सवरून निवृत्त झालेला. ठेवणार तळेगावकडच्या एका तबेल्यात. तर घोड्याला आणि तुम्हाला काय काय सामान लागेल, आणि ऑनलाइन पसंत पडलेलं खोगीर आत्ताच मागवून ठेवावं का?

खोगीर आत्ता मागवू नका. एवढं एक ऐकलंत तरी पुष्कळ झालं.

खोगीर घोड्याच्या पाठीच्या मापाने घ्यायचं असतं आणि तुमच्या घोड्याची पाठ अजून तुम्ही पाहिलेलीच नाही. रेसमध्ये पळणाऱ्या थरोब्रेड जातीच्या घोड्याचा विदर्स, म्हणजे आयाळ संपते तिथला उंचवटा, बहुतेक वेळा उंच आणि निमुळता असतो. आपला भीमथडी घोडा अंगाने लहान, पाठ आखूड. त्याच्यावर मोठ्या घोड्याचं खोगीर टाकलं तर ते मागे कमरेवर जातं. मारवाडी आणि काठियावाडीत एकाच बापाच्या दोन घोड्यांच्या पाठी वेगळ्या निघतात. आणि रेसचा घोडा तर पळणं थांबल्यावर काही महिन्यांत अंगाने बदलतो. पाठीवरचे स्नायू उतरतात, पोट सुटतं, मग नीट कामाला लावलं की पुन्हा भरतो. पहिल्या महिन्यात चपखल बसलेलं खोगीर सहाव्या महिन्यात टोचू शकतं. म्हणून तबेल्यात जे खोगीर त्याला बरं बसेल ते सुरुवातीला वापरायला मागा आणि स्वतःचं सावकाश घ्या.

त्याही आधी एक मोजमाप करा. घोड्याचा तराजू कोणाकडे नसतो, पण शिंप्याची टेप सगळ्यांकडे असते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, की किलोमध्ये अंदाजे वजन येतं. समजा घेर 165 आणि लांबी 150 आली, तर घोडा साधारण 344 किलोचा. तंदुरुस्त घोड्याने स्वार आणि सामान मिळून आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाहू नये, असं सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे इथे 68 किलो. त्यातले सात-आठ किलो खोगिराचेच गेले. उरलेल्यात तुम्ही बसता का, हे बाजारात सौदा करण्याआधी बघा. दिसायला देखणा, नाचरा घोडा पाहून माणूस हे विसरतो आणि भोगतो घोडा.

आता खोगीर बसवायचं कसं. पहिल्यांदा नमदा, म्हणजे खोगिराखालची गादी, न घालता नुसत्या पाठीवर ठेवून पाहा. थोडं पुढे ठेवायचं आणि मागे सरकवायचं. जिथे आपोआप थांबेल ती त्याची जागा. पुढे विदर्स आणि खोगीर यांच्यात दोन-तीन बोटं सहज जायला हवीत, आणि ती तुम्ही वर बसल्यावरसुद्धा. मागून वाकून बघा: मणक्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. खालच्या दोन्ही गाद्या पाठीला सलग टेकल्या पाहिजेत. पुढे-मागे टेकलंय आणि मधे पोकळ, असं असेल तर चार ठिकाणीच सगळं वजन पडणार. शेवटच्या बरगडीच्या मागे खोगीर जाता कामा नये, कारण तिथून पुढे पाठीला खालून आधार नसतो.

खरी परीक्षा मात्र फेरी मारून आल्यावर. अर्धा-पाऊण तास चांगला घाम येईपर्यंत काम झालं की तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, सोडा, खोगीर सरळ वर उचला, ओढू नका, आणि पाठ पुसायच्या आधी बघा. घामाने दोन्ही बाजू सारख्या भिजलेल्या आणि मधे मणक्यावर कोरडी पट्टी, हे चांगलं. भिजलेल्या भागात तळहाताएवढा एखादा कोरडा डाग दिसला, तर तिथे बहुधा दाब एवढा होता की घामाच्या ग्रंथींनी कामच केलं नाही. त्या डागावर बोटाने हळूच दाबा. घोडा पाठ खाली घेईल, कान मागे टाकेल, कधी शेपटी झटकेल. हेच महिनोन्‌महिने चाललं की तिथले केस पांढरे उगवतात. बाजारात घोडा बघताना विदर्सच्या दोन्ही बाजूंना असे पांढरे ठिपके आहेत का ते जरूर पाहा. आधीच्या मालकाने कसलं खोगीर घातलं ते तिथे लिहिलेलं असतं. मागच्या पायांच्या घोट्यांवर केस गेलेले असतील तर तो कायम पिछाडीला, म्हणजे मागच्या पायांच्या दोराला, बांधलेला घोडा आहे.

आणि जाड नमद्याने खोगिराचं माप सुधारत नाही. सैल खोगिराखाली पातळ गादी चालते, पण घट्ट खोगिराखाली नमदा घातला की ते आणखी घट्टच होणार. नमदा सुती, घाम शोषणारा घ्या, आणि दोन-तीन तरी घ्या, कारण ओला नमदा पुन्हा पाठीवर घालायचा नाही.

तंग एकदम आवळायची सवय आपल्याकडे फार आहे. घोडा श्वास धरून पोट फुगवतो म्हणून लोक गुडघा लावून ओढतात. असं करू नका. आधी सैल लावा, दहा पावलं चालवा, एक भोक वर घ्या, बसायच्या आधी पुन्हा बघा. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जावीत. शेवटी पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली अडकलेली कातडी मोकळी होते. कोपरामागच्या जखमा यातूनच होतात आणि त्या भरायला फार दिवस घेतात.

लगामाबद्दल माझं मत ठाम आहे. घोडा ऐकत नाही म्हणून कडक बिट, म्हणजे लगामाची तोंडातली सळी, घालणं हा उपाय नव्हे. घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. तिथल्या हाडावर फक्त पातळ कातडी असते आणि बिट नेमकं तिथे आणि जिभेवर बसतं. म्हणून साधं, गुळगुळीत, जोडाचं स्नॅफल, म्हणजे सौम्य बिट, घ्या. रुंदी तोंडापेक्षा जरा जास्त हवी, दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर. फार रुंद घेतलं तर तोंडात इकडून तिकडे सरकतं, अरुंद घेतलं तर ओठ चिमटतात. बोट फिरवून पाहा, कुठेही धार किंवा खरखर लागली तर दुकानात परत ठेवा.

वरातीच्या घोड्यांच्या तोंडात काटे असलेले लगाम आजही दिसतात. ओझी आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांत काटेरी लगामाला स्पष्ट बंदी आहे. बाजारात घोड्यासोबत असा लगाम फुकट मिळाला तरी घेऊ नका, आणि विक्रेता ‘याच्याशिवाय थांबत नाही’ म्हणाला तर तो घोडा तुमच्यासारख्या नव्या स्वाराचा नाही. रेसचा घोडा तर हाताला ओढ लागली की आणखी जोरात पळायला शिकलेला असतो. त्याला थांबवायचं ते बसण्याने आणि आवाजाने, आणि ते त्याला नव्याने शिकवावं लागतं. नाकावरचा पट्टाही असाच. समोरून नाकाच्या हाडावर दोन बोटं गेलीच पाहिजेत. तोंड उघडतो म्हणून पट्टा आवळणाऱ्यांनी आधी दात तपासून घ्यावेत. दाढांच्या कडा धारदार होतात, गाल कापतात, आणि आपण त्याला खोडकर म्हणत बसतो. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून दात घासून घ्या.

घोडा घरी येईल त्या दिवशी खोगीर लागतच नाही. लागते ती चांगली रुंद पट्ट्याची म्होरकी, दोन मीटरचा जाड सुती दोर, पाण्याच्या दोन मोठ्या बादल्या, खूर साफ करायचं हूक, खराऱ्यासाठी रबरी फणी आणि दोन ब्रश, एक कडक आणि एक मऊ. नायलॉनचा पातळ दोर नको. घोड्याने झटका दिला की तळहात सोलून निघतो. बांधताना एका हिसक्यात सुटणारी गाठ शिका, आणि कडीला थेट न बांधता मधे सुतळीचा एक फेरा ठेवा, म्हणजे घोडा बिथरला तर सुतळी तुटेल, मान नाही. म्होरकी तबेल्यात रात्रभर अंगावर ठेवायची नाही. वैरणीची जाळी उंच टांगा, कारण रिकामी झाली की ती खाली लोंबते आणि खूर अडकतो. चंदीसाठी, म्हणजे दाण्यासाठी, तोंडाला बांधायच्या तोबऱ्यापेक्षा पसरट घमेलं बरं, धूळ नाकात कमी जाते.

तुमच्यासाठी पहिली वस्तू हेल्मेट. दुचाकीचं आयएसआय हेल्मेट चालेल का असं पुण्यात प्रत्येक जण विचारतो. चालणार नाही. ते जड असतं, कान झाकतं आणि वेगळ्या प्रकारच्या आघातासाठी बनवलेलं असतं. घोडेस्वारीच्या हेल्मेटच्या आत एएसटीएम एफ 1163, पास 015 किंवा व्हीजी 1 असा शिक्का बघा. घातल्यावर भुवयांच्या वर एक-दोन बोटं, सरळ बसलेलं, आणि पट्टा न लावता डोकं हलवलं तर हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली पाहिजे. एकदा जोरात आपटलं की बाहेरून कितीही धड दिसलं तरी बदला. सेकंडहँड खोगीर घ्या हवं तर, हेल्मेट कधीही नाही.

मग बूट. गुळगुळीत तळ, साधारण इंचभर टाच, अंगठ्याशी बंद. टाच यासाठी की पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये. स्पोर्ट्स शूजवर बसलेला माणूस पडला आणि पाय अडकून फरफटला, असे अपघात होतात. रिकीब बुटापेक्षा साधारण इंचभर रुंद हवी: अरुंद असली तर पाय अडकतो, फार रुंद असली तर आत घुसतो. पडल्यावर आपोआप सुटणाऱ्या रिकिबी मिळतात, त्या मुलांसाठी तर घ्याच. उडी मारायला शिकणार असाल तर बॉडी प्रोटेक्टर घ्या. ब्रीचेस, म्हणजे स्वारीची घट्ट विजार, आणि हातमोजे सवडीने. बुटाच्या टाचेला लावायचे काटे आणि चाबूक आत्ता नको. पाय स्थिर झाल्याशिवाय काटे लावले की नकळत घोड्याला टोचत राहतात.

तुम्ही मावळपट्ट्यात घोडा ठेवणार, म्हणून पावसाळ्याचं वेगळं सांगते. तिथे जून ते सप्टेंबर चामड्यावर आठवड्याभरात पांढरी बुरशी धरते. कोरड्या फडक्याने पुसा, सॅडल सोपचा फेस कमी पाण्यात करून चोळा, सावलीत वाळवा आणि अगदी थोडं तेल द्या. उन्हात किंवा हीटरजवळ वाळवलेलं चामडं तडकतं. खोगीर गोणपाटात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. सुती चादर टाका, खोलीत हवा खेळू द्या. खूर रोज साफ करा, टाचेकडून पुढे. मधल्या मऊ भागाच्या खाचांतून काळं, कुजका वास येणारं काही निघालं तर खूर सडायला लागलंय. तबेला कोरडा करा आणि नालबंदाला बोलवा. तो तसाही सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा, नाल असो वा नसो.

औषधाच्या डब्यात थर्मामीटर, बीटाडिन, कापूस, चिकटपट्टी, स्वच्छ बँडेज आणि कात्री ठेवा. घोड्याचं तापमान विसाव्यात साधारण 37.2 ते 38.3 अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला 28 ते 44. ही आपल्या घोड्याची नेहमीची किती असते ते ठणठणीत असताना वहीत लिहून ठेवा. धनुर्वाताची लस दरवर्षी द्या. घोड्याला तो फार पटकन होतो, खिळ्याची छोटी जखमही पुरते. आणि पोटाकडे वळून बघतोय, लोळतोय, लीद टाकत नाही, असं दिसलं तर चंदी काढून घ्या आणि लगेच डॉक्टरांना फोन करा, घरगुती काढे पाजत बसू नका.

ऑनलाइन याद्यांतली अर्धी खोगीरभरती असते: रंगीत पायपट्ट्या, मण्यांचे कपाळपट्टे, जेलच्या गाद्या. ते पैसे वाचवून खोगिरात घाला. कानपूर हे खोगिरांचं जुनं केंद्र आहे, तिथे बनलेलं चांगलं सामान परदेशातही जातं. जुनं घेणार असाल तर खोगिराचा पुढचा भाग मांडीला टेकवून मागची कड स्वतःकडे ओढा. मधेच वाकलं, कुरकुरलं किंवा सीटवर सुरकुती पडली तर आतला सांगाडा मोडलाय, कितीही स्वस्त असलं तरी सोडा. रिकिबीचे पट्टे बकलाजवळ उलटे वाकवून बघा, तिथे चीर असेल तर नवे घाला. तंगाच्या पट्ट्यांची शिवण नखाने ओढून पाहा, तीच आधी जाते.