जपानमध्ये राहायला जाताना कशाची तयारी ठेवावी?

पुण्याच्या कंपनीतून तीन वर्षांसाठी टोकियोला चाललोय, जपानी येत नाही, रोजच्या जगण्यात काय अडेल, असं तुम्ही विचारलंय. मी एदोगावा भागात, निशी-कासाईला आठ वर्षं राहते आहे. इथे येताना मलाही भाषेचीच धास्ती होती, पण सुरुवातीला खरं अडलं ते नावापाशी.

विमानतळावर मिळणाऱ्या झाइर्यू कार्डावर, म्हणजे परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रावर, पासपोर्टवरचं अख्खं नाव येतं, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, रोमन अक्षरांत. बँकेला मात्र ते काताकाना या जपानी लिपीत लागतं. त्या लिपीत जोडाक्षरं सुटी होतात, ल आणि र एकच होतात. कुलकर्णीचं कुरुकारुनी होतं, आणि शेवटचा नी ऱ्हस्व की दीर्घ हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी बँकेत दीर्घ, म्हणजे पुढे आडवी रेघ देऊन, लिहिला, ऑफिसात ऱ्हस्व लिहिला गेला. एवढ्या एका आडव्या रेघेपायी माझा पहिला पगार खात्यात न जमा होता परत गेला. म्हणून निघायच्या आधीच कुणा जाणकाराकडून पूर्ण नाव काताकानात लिहून घ्या आणि सगळीकडे तेच, रेघ न् रेघ तसंच उतरवा.

घर मिळालं की १४ दिवसांच्या आत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, पत्ता नोंदवायचा. तो कार्डाच्या मागे छापून मिळतो. त्याशिवाय बँक आणि फोन दोन्ही अडून राहतात. कार्ड कायम जवळ बाळगा, तसा कायदाच आहे.

घर शोधताना 'परदेशी भाडेकरू नको' हे तोंडावर ऐकावं लागतं. मला ते फार लागलं होतं. शिवाय अनामतीखेरीज रेइकिन म्हणून घरमालकाला द्यायची, कधीच परत न मिळणारी रक्कम असते. यूआर या सरकारी संस्थेच्या इमारतींत रेइकिन नाही, जामीनदार नाही, दलालीही नाही. उत्पन्नाची अट तेवढी असते. आधी तिथेच चौकशी करा.

आणि कचरा! हे कृपया हलक्यात घेऊ नका. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा आणि सकाळी आठच्या आत बाहेर ठेवायचा. चुकीच्या दिवशी ठेवलेली माझी पिशवी चिठ्ठी डकवून तिथेच सोडून दिली होती. शेजारच्या आजींनी ती चिठ्ठी मला हातवाऱ्यांनी समजावली आणि दुसऱ्या दिवशी वारांची चित्रं काढून आणून दिली. आमची ओळख तिथून झाली. जुनी गादी किंवा खुर्ची टाकायची तर आधी नोंदणी करून दुकानातून पैसे भरून स्टिकर आणावं लागतं.

डॉक्टरांचं फारसं टेन्शन घेऊ नका; विमा सक्तीचा आहे, आपल्याला साधारण ३० टक्केच भरावे लागतात. शाकाहारी असाल तर साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये आणि भाजीतही दाशी, म्हणजे बहुतेकदा माशाचा अर्क, असतो. विचारूनच खा.

एक गोष्ट कंपनीतले लोक सहसा सांगत नाहीत. जूमिनझेइ हा रहिवासी कर आदल्या वर्षीच्या जपानमधल्या कमाईवर लागतो. त्यामुळे पहिल्या वर्षी तो कापला जात नाही आणि पुढच्या जूनपासून हातात येणारा पगार एकदम कमी होतो. घरी पैसे पाठवायचा आकडा ठरवताना कमाईच्या साधारण दहा टक्के त्यासाठी बाजूला धरा.