पठार स्थिर आहे, असं मीच शिकवलं होतं

लेकरा,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण मला टायपायला टाइम लागतो म्हणून उशीर. सहावीतलं पोरगं म्हणालं, सर, पप्पा म्हणतेत ग्रह नऊ हायेत, आणि तू म्हणालास पुस्तकात आठ आहेत, आठच लिही. मार्क मिळतील रे त्याला, पण घरी जाऊन ते बापाला अडाणी म्हणणार, अन् बाप काय चुकीचं शिकला नव्हता, 2006 पर्यंत नऊच होते. नववा प्लूटो, तो हाय तिथंच फिरायलाय. झालं असं की जवळपास त्याच्याएवढाच एरिस नावाचा गोळा सापडला, मग ग्रह नेमकं म्हणायचं कशाला हे खगोलशास्त्रज्ञांना बसून ठरवावं लागलं, अन् त्यात प्लूटो बसला नाही. पाच मिनिटात सांगून होतं की.

पण प्लूटोचं सोपंय, तिथं नुसती व्याख्या बदलली. माझं दुखणं वेगळंय. 1993 च्या ऑगस्टमध्ये मी नववीला फळ्यावर नकाशा काढून छातीठोक सांगितलं, आपलं दख्खनचं पठार जुनं, टणक, स्थिर, भूकंप तिकडं हिमालयात. औसा तालुक्यातली एक पोरगी उठून म्हणाली, सर, मामाच्या गावाला मागल्या साली रात्रीची भांडी वाजत होती. मी म्हणलं ट्रक गेला असंल, बस खाली. वर्ग हसला.

30 सप्टेंबर. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारला किल्लारी हादरली. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती, वर माळवदाची माती, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं, दहा हजाराच्या आसपास गेले. ती पोरगी दिवाळीनंतर शाळेत आली, मला काहीच बोलली नाही.

1992 मध्ये तिथं खरंच हादरे बसले होते. आणि 1967 ला कोयनेला भूकंप झालाच होता की, पण ते धरणामुळं म्हणून आपण बाजूला सारलं (असं बाजूला सारायला आपल्याला लई आवडतं). भूकंपाच्या धोक्याच्या सरकारी नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होती. 2002 च्या नकाशातून तो पहिला झोन पारच काढून टाकला, किल्लारी गेली झोन तीनमध्ये.

आता स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणणारच, सायन्स काय रोजच बदलतंय, कशाला डोकं लावायचं. तसं नाही. भारताची प्लेट, म्हणजे भारत ज्यावर बसलाय तो खडकाचा भला मोठा तुकडा, उत्तरेला सरकते हे किल्लारीनं खोटं पाडलं नाही, उलट त्या रेट्याचा ताण पार आत, पठाराच्या पोटातल्या जुन्या भेगांवर पण साठतो हे ध्यानात आलं. खंडं सरकतात हे वेगनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1912 लाच सांगितलं होतं, पण ढकलतं कोण हे त्याला नीट सांगता आलं नाही म्हणून मानलं नाही कुणी, समुद्राच्या तळाचे पुरावे 1960 नंतर आले तवा पटलं, आणि तो तर 1930 लाच ग्रीनलँडच्या बर्फात वारला होता. धड्यात ह्याच्या दोन ओळी असतेत. तू त्या दोन ओळींवर पूर्ण तास घाल, पोर्शन मागं पडला तर पडू दे, मी बोलतो तुझ्या हेडमास्तरशी.

त्या पोराला सांग पप्पाचं जुनं पुस्तक असंल तर घेऊन ये, दोन्ही शेजारी ठेवून वर्गाला दाखव. आणि भूकंपाचा धडा कधी घेणार ते कळव, सकाळच्या एसटीनं येतो. भांड्याचं मीच सांगतो पोरांना.