राजवाड्यात देवमासा कशाला?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही सहकुटुंब तंजावरला जाऊन आलो. भोसल्यांचा राजवाडा म्हणून हौसेने आत शिरलो, तर एकीकडे मूर्तींचं प्रदर्शन, एकीकडे ग्रंथालय आणि शस्त्रागाराच्या मनोऱ्यात चक्क देवमाशाचा सांगाडा! आपल्या राजांच्या वाड्याची अशी रया का गेली?
— एक वाचक, सातारा

उत्तर : त्या सांगाड्यापुढे मीही पहिल्यांदा हसूनच उभी राहिले होते. १९५५ साली हा देवमासा तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागला होता. पण मनोरा रिकामा झाला तो त्याच्या सुमारे नव्वद वर्षं आधी. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, पुत्र नसताना वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर खाजगी मालमत्तेलाही टाळं ठोकलं. राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या, मद्रासला जिंकल्या आणि १८५९ मध्ये लंडनला प्रिव्ही कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टात, हरल्या. १८६२ मध्ये सरकारने खाजगी मिळकत परत केली खरी, पण शस्त्रं मद्रासला गेली. त्यांतली निवडक संग्रहालयात राहिली, बाकीची मोडीत निघाली. तेव्हा रया घालवली ती देवमाशाने नव्हे!

आणि वाडा मुळात ‘आपला’ तरी कुठे? तो भोसल्यांच्या आधी तंजावरवर राज्य करणाऱ्या नायक राजांचा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७६च्या सुमारास आयत्या घरात राहायला आले. मूर्तींचं कलादालन १९५१चं, पण ज्या दालनात ते आहे ते नायकांचं. तिथे हात जोडून उभा असलेला दुसऱ्या सरफोजीराजांचा (त्या शेवटच्या राजांच्या वडिलांचा) संगमरवरी पुतळा बायकामुलांच्या गर्दीत आपल्या नजरेतून सुटला असेल. तो फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला आहे.

या सरफोजीराजांना सांगाड्याचं वावडं नसतं. शरीरशास्त्र शिकायला हवा म्हणून त्यांनी हस्तिदंती सांगाडा मागवला होता, कारण खरा माणसाचा सोवळ्यात बसणारा नव्हता. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं त्यांच्या पदरी लिहिली जात. १८०६ मध्ये त्यांच्या छापखान्यातून इसापनीती मराठीत निघाली. पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव होते. पुढचं मी बोलत नाही.

आपण ज्याला नुसतं ‘ग्रंथालय’ म्हणता ते सरस्वती महाल. नायकांच्या वेळच्या पोथ्या, सरफोजीराजांनी काशीहून आणलेल्या, शिवाय युरोपातून मागवलेली हजारो पुस्तकं. कित्येकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. १९१८ मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पाहायला मी तिथे चार दिवस बसले होते. माझं मोडी परीक्षेपुरतं. अक्षर लागलं तरी अर्थ लागेना, कारण मराठी वाक्यात मधेच तमिळ शब्द बसलेला! शेजारच्या मेजावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी डोकावून शब्द सांगितला आणि पुन्हा आपल्या ताडपत्रात डोकं घातलं. ताडपत्रांना गवती चहाच्या तेलाचा वास येत होता.

वाड्याच्या एका भागात भोसल्यांचे वंशज आजही राहतात. पुन्हा गेलात तर बृहदीश्वराच्या देवळातही जा. तिथल्या भिंतीवर भोसले घराण्याची बखरच मराठीत कोरलेली आहे, १८०३ची. दुपारी दगड फार तापतो, सकाळीच गाठा.