गोचीड तापाची शंका? आधी रक्त, मग गोळी
कुत्रा जेवत नसेल, अंग तापलं असेल आणि कानामागे गोचिडी दिसल्या, तर डॉक्टरांना सीबीसीसोबत (रक्तपेशींची मोजणी) ब्लड स्मीअरही (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) करायला सांगा. नुसत्या मशीनच्या प्लेटलेटवर घाबरू नका. नमुन्यात प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर आकडा खोटाच कमी येतो; स्लाइड पाहिली की कळतं. बबेसिया (गोचिडीतून येणारा, रक्तपेशीत राहणारा परजीवी) शोधायचा तर कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त जास्त कामाचं. शक्यतो डॉक्सीसायक्लिन (गोचीड तापावरचं अँटिबायोटिक) सुरू व्हायच्या आधीच नमुना द्या.

एर्लिकियाची (गोचिडीतून येणारा दुसरा जंतू) झटपट तपासणीची किट जंतू नाही, तर त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी दाखवते. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते आणि बरा झालेला कुत्रा कित्येक महिने पॉझिटिव्हच दिसतो. उपचारांनंतर तीच किट पुन्हा करण्यात पैसे घालवू नका (लोक हौसेने करतात!), सीबीसी करा. आणि घरातली क्रोसिन तर अजिबात देऊ नका.