सोलापुरात पहिले सत्र घेण्यापूर्वी

मेंदूवैविध्याविषयी, म्हणजे प्रत्येकाचा मेंदू वेगळ्या पद्धतीने काम करतो याविषयी, कारखान्यांत आणि महाविद्यालयांत प्रशिक्षण देण्याचे आपण ठरवले, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

१. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण व अतिचंचलता), स्वमग्नता (ऑटिझम) यांच्या व्याख्यांतच वेळ घालवू नका; रोजच्या कामात करता येतील असे बदल सांगा. चादरीच्या कारखान्यात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर सुरू असतो. तो एखाद्या कामगाराला इतरांपेक्षा कितीतरी अधिक असह्य होऊ शकतो, आणि अशा वेळी कानांना संरक्षक आवरण देणे, तोंडी सूचनेबरोबर ती लिहूनही देणे, कामाचा क्रम बदलणार असल्यास आदल्या दिवशीच सांगणे, असे साधे बदल मुकादमाला स्वतः करता येतात. महाविद्यालयात हेच काम प्राध्यापकांकडून करून घ्या.

२. उपस्थितांपैकी कोणालाही स्वतःचे निदान सांगायला लावू नका. ही चूक मी पहिल्याच सत्रात केली. एक विद्यार्थिनी उठून गेली आणि परतली नाही. त्याची खंत आजही आहे.

३. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ वाचून जा. त्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) आहेत, एडीएचडीचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. एडीएचडी त्यात येतो का, हा प्रश्न हमखास विचारला जातो.

मूल्यमापनाच्या पद्धती सध्या बाजूला ठेवा. महिन्याभराने तेथे पुन्हा जा आणि कोणता बदल टिकला, ते विचारा.