एक्स-रे नॉर्मल आहे, मग एमआरआय कशाला?

वडिलांना मधुमेह, तळपायाची जखम भरत नाही, एक्स-रे नॉर्मल, तरी डॉक्टर एमआरआय सांगतात. हा उगाच खर्च आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. जखमेतला संसर्ग हाडात शिरलाय का, ते एमआरआयमध्ये दिसतं. करून घ्या.

आमच्याकडे आईच्या वेळी याच गोष्टीवरून भांडण झालं. एक्स-रे चांगला आला आणि मामांनी तो रिपोर्ट नाचवत सगळ्यांना गप्प केलं: "हाडाला काही नाही, ड्रेसिंग करत राहा." अहो, हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेत काही दिसतच नाही, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. सुरुवातीच्या नॉर्मल एक्स-रेवरून हाड चांगलं आहे असं म्हणताच येत नाही. पण मामा घरात मोठे, त्यांच्यापुढे कोण बोलणार?

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी निर्जंतुक, बोथट प्रोब, म्हणजे बारीक सळई, जखमेत घातला. तो आत कडक लागला, हाडालाच, म्हणजे संसर्ग हाडापर्यंत गेल्याची शंका. आई शांतपणे बघत होती. मधुमेहाने पाय बधिर झालेला, तिला काही जाणवलंच नाही. मग एमआरआय. हाडातल्या मगजात चरबी असते, म्हणून एमआरआयच्या टी१ नावाच्या चित्रात तो उजळ दिसतो. आईच्या पायाच्या करंगळीच्या हाडात तिथे काळा डाग होता, आणि चरबीची चमक दाबून घेतलेल्या चित्रात तोच भाग पांढराफटक, म्हणजे हाडात संसर्ग. करंगळी काढावी लागली, पाय वाचला. मामा आजही म्हणतात, ऑपरेशनची घाई झाली. महिनाभर आधी एमआरआय झाला असता तर नुसत्या अँटिबायोटिकवर भागलं असतं का, हे कुणी सांगू शकणार नाही. पण तो महिना एक्स-रेच्या भरवशावर गेला, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

आता हेही सांगते, एमआरआय प्रत्येकाला लागतोच असं नाही. एक्स-रेतच हाड खाल्लेलं दिसतंय, प्रोब हाडाला लागतोय, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) ७०च्या वर आहे, तर निदान बहुतेक झालेलंच असतं. शार्कोच्या पायात (नसा बधिर होऊन हाडं-सांधे मोडत गेलेला पाय) मात्र एमआरआयही फसू शकतो; तिथे पांढऱ्या पेशींचा स्कॅन किंवा पेट-सीटी कामाला येतो, आणि शेवटचा शब्द हाडाच्या बायॉप्सीचा. साधा बोन स्कॅन इतर कारणांनीही उजळतो, त्यावर विसंबू नका. पेसमेकर असेल, किडनी कमजोर असेल तर आधी सांगा. या निदानाला बहुतेकदा कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) लागत नाही. पायाचा रक्तपुरवठाही तपासून घ्या.

आणि घरातलं कुणी एक्स-रे दाखवून "थांबा" म्हणालं, तर तो किती दिवसांपूर्वी काढलाय ते आधी विचारा.